तिन्हीसांजेची दुर्बीण

संभाजी पायगुड्यांचं घर शहरात आहे आणि शेत खेड्यात. मध्ये ओढा. वारज्याच्या पुढचं त्यांचं गाव काही वर्षांपूर्वी पुण्याच्या कॉर्पोरेशनात गेलं, तेव्हा हद्दीची रेघ नेमकी ओढ्यातून गेली. त्यामुळे पायगुडे दात शहरात घासतात आणि न्याहारी खेड्यात करतात. ओढ्याच्या अलीकडे बारा-बारा मजले उठलेत, पलीकडे भुईमूग आणि रताळी, आणि त्यांच्या मागे डोंगर. डोंगरातल्या रानडुकरांना ही रेघ अजून कुणी समजावून सांगितलेली नाही.

डुकरांसाठी पायगुड्यांकडे लायसनची रायफल आहे, वडिलांपासून चालत आलेली. डुक्कर मारायचं तर वनखात्याचा कागद लागतो. त्यावर गट नंबर, मुदत आणि मारणाऱ्याचं नाव. आसपासच्या तीन वाड्यांत मिळून बंदूक ही एकच, म्हणून गट नंबर कुणाचाही असो, नाव पायगुड्यांचं. मेलेलं डुक्कर खात्याच्या ताब्यात द्यायचं, पंचनामा करायचा आणि पुरायचं. त्यामुळे ह्या कामाला चव नाही, मान मात्र आहे. वाड्यांतल्या लग्नपत्रिकांवर ‘प्रमुख उपस्थिती’ खाली सरपंचांच्या खालोखाल संभाजीरावांचं नाव छापायची रीत होती. सरपंचपद गावाबरोबर गेलं, ह्यांचं नाव राहिलं.

चौसष्टाव्या वर्षापर्यंत एका डुकराला एक गोळी असा त्यांचा हिशोब होता. गेल्या वर्षापासून दोन लागायला लागल्या, मग तीन. पायगुड्यांनी ह्याचा विचार केला आणि ठरवलं की हल्ली तिन्हीसांज लवकर होते. हवामान बदललंय, टीव्हीवरसुद्धा सांगतात.

त्यांचा मुलगा साईनाथ खराडीला आयटी कंपनीत आहे. बापाची तक्रार ऐकून त्याने बंदुकीवर बसवायची दुर्बीण घरबसल्या मागवली.

“आबा, ट्वेंटीफोर एक्स आहे. रिव्ह्यू बघा, फोर पॉइंट सिक्स.”

“म्हंजी?”

“म्हणजे चोवीस पट मोठं दिसणार.”

पायगुड्यांनी जन्मभर पाण्याच्या मोटारी घेतल्या होत्या. तीन हॉर्सपॉवरपेक्षा पाच बरी, पाचापेक्षा साडेसात. चोवीस म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. आत तांबडा-हिरवा दिवाही लागत होता. मंडपाची सोय त्यात धरलेली दिसत होती.

घटस्थापनेला चार दिवस होते. भुईमूग निम्मा काढून झालेला. दिवस मावळायच्या वेळेला पायगुडे डोंगराच्या अंगाला बांधलेल्या माळ्यावर जाऊन बसले. भुरभुर होती. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला तर आत तव्याच्या बुडासारखं काळं, आणि तेही थरथरणारं. त्या काळ्यात एक जास्त काळं होतं. वाकलेलं, पाठीला कुबड, भुईमुगाच्या सरीत तोंड खुपसून हळूहळू सरकत होतं. पायगुड्यांनी सेफ्टी काढली, श्वास धरला, बोट घोड्यावर ठेवलं.

डुक्कर खोकलं.

रानडुक्कर फुरफुरतं, दात वाजवतं, चिरकतं. खोकत नाही. पायगुड्यांचं बोट जागच्या जागी थांबलं. डुक्कर उभं राहिलं, डोक्यावरची पोत्याची खोळ सारखी केली आणि “शेंगा लई ऱ्हायल्यात वेचायच्या” असं म्हणालं. ती त्यांची बायको मैना होती.

पायगुड्यांनी गोळी काढून खिशात घातली. मग मैना घरी जाईपर्यंत ते माळ्यावरच बसून राहिले.

“आज काय आलं न्हाई का?” घरी मैनाबाईंनी विचारलं.

“न्हाई.”

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. बेचाळीस वर्षांचा संसार. त्यात न सांगितलेल्या गोष्टी असायच्याच. पण ह्या गोष्टीची अडचण अशी की ती रोज समोर येऊन ताटात भाकरी वाढत होती.

दोष दुर्बिणीचा, हा निकाल त्यांनी देऊन टाकला. चांगली दुर्बीण मिळेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही, हेही ठरवलं. इकडे डुकरं रोज येत होती. शेजारचा अनंत बांधावर उभा राहून विचारायचा, “आबा, डुकरांना नोटीस धाडलीया का? का मुदत दिलीया?” पायगुडे म्हणायचे, “दुरुस्तीचं काम चाललंय.”

कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानदाराने चोवीस पटीची दुर्बीण हातात घेतली, परत दिली आणि एक पत्ता लिहून दिला. शनिवार पेठ, दुसरा जिना, परचुरे.

दीनानाथ परचुरे दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि सर्व्हेची यंत्रं दुरुस्त करतात. वय अडुसष्ट. कुणी जुनी दुर्बीण विकायला आणली तर ते ती उघडतात, साफ करतात आणि योग्य माणूस येईपर्यंत कपाटात ठेवतात. योग्य माणूस फारसा येत नाही.

“दुर्बीण दावा एखांदी,” पायगुडे म्हणाले. “बंदुकीवरची. अंधारात चालनारी.”

“अंधारात दिसतं त्याला घुबड म्हणतात. ते मी ठेवत नाही.”

“अंधार म्हंजी, दिवस मावळतानाचा.”

“मग तसं सांगा. आत्ता किती वाजले?”

“आकरा.”

“अकराच्या उन्हात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या असतात. संध्याकाळची वस्तू संध्याकाळी बघावी. सव्वासहाला या. सूर्य माझ्यासाठी थांबत नाही, आपल्यासाठी थांबेल असं दिसत नाही.”

“तवर काय करू?”

“पुण्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे म्हणतात. मी बघितलेलं नाही.”

पायगुडे नदीकाठी जाऊन बसले, सोबतची भाकरी खाल्ली आणि सहालाच परत आले. परचुऱ्यांनी त्यांना जिन्यात पंधरा मिनिटं उभं केलं. मग गच्चीवर नेलं.

गच्चीत सर्व्हेवाल्यांचं तीन पायांचं तिकाटणं उभं होतं. परचुऱ्यांनी आधी चोवीस पटीची दुर्बीण मागून घेतली आणि तिच्या पुढच्या काचेवर बोट ठेवलं.

“ही काच पन्नास मिलिमीटर. भागिले चोवीस. किती?”

“दोनाच्या वर कायतरी.”

“दोन. मागून उजेडाची दोन मिलिमीटरची टिकली बाहेर पडते. दिवसा चालतं, कारण दिवसा डोळ्याची बाहुलीच तेवढी असते. संध्याकाळी बाहुली पाचापर्यंत उघडते. म्हणजे तुम्ही दोन्ही फळ्या उघडून दारात उभे, आणि पाहुणा आला एक.”

“मंग पट कमी केली की उजेड जास्ती?”

“हो.”

“मोटारीच्या उलटं हाय की.”

“मोटारीचं मला माहीत नाही. ही परत करा, किंवा लग्नात मुलांना खेळायला द्या.”

परीक्षेची परचुऱ्यांची एक पद्धत होती. चार गल्ल्या सोडून नदीच्या अंगाला त्यांच्या धाकट्या भावाची गच्ची आहे. दोघा भावांचं बावीस वर्षं बोलणं नाही. पण गिऱ्हाईक येणार असलं की परचुऱ्यांची बायको पद्मजाबाई धाकट्या जावेला फोन करतात आणि तो भाऊ कठड्याजवळ कुठलीतरी काळी वस्तू आणून ठेवतो. कुठली, ते परचुऱ्यांनाही ठाऊक नसतं. विचारायची सोयच नाही, त्यामुळे परीक्षा खरी होते.

सूर्य गेला. परचुऱ्यांनी तिकाटण्यावर पहिली दुर्बीण बसवली, चार पटीची.

“पांढऱ्या टाकीच्या डावीकडे. काय आहे?”

पायगुडे वाकले. बराच वेळ बघितलं. “डुक्कर.”

“शनिवार पेठेत?”

“म्हंजी, तसं दिसतंय.”

दुसरी दुर्बीण सहा पटीची, बेचाळीसची काच. “आता?”

“डुक्करच हाय. बसल्यालं.”

तिसरी आठ पटीची, जाड, जड, जर्मन. कुणा संस्थानिकाच्या घरून आलेली. ती बसवताना परचुऱ्यांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला. पायगुड्यांनी डोळा लावला, काढला, चोळला, परत लावला.

“डुक्कर,” ते म्हणाले. ह्या वेळी आवाज बारीक होता.

परचुऱ्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. पद्मजाबाई ओले हात पदराला पुसत आल्या आणि सगळ्यांत लहान दुर्बिणीतून त्यांनी जेमतेम एक क्षण बघितलं.

“छत्री आहे. अर्धवट उघडी. एक काडी मोडलेली. मागे भावोजी उभे आहेत. लेंगा नवीन दिसतोय.”

“लेंग्याचं कुणी विचारलं नव्हतं.”

“मागं मानूस हाय?” पायगुड्यांनी विचारलं.

“मघापासून आहेत,” पद्मजाबाई म्हणाल्या. “हात पण केला त्यांनी. मला.” आणि त्या खाली गेल्या.

पायगुडे कठडा धरून उभे राहिले. परचुऱ्यांनी दुर्बीण सोडवून पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली आणि मग विचारलं, “कोण वाचलं?”

“आं?”

“दुर्बीण घ्यायला माणूस दोन कारणांनी येतो. शिकार चुकते म्हणून, नाहीतर भलतीच होता होता राहिली म्हणून. पहिल्या कारणाने आलेले लोक अकरा वाजल्यापासून सव्वासहापर्यंत थांबत नाहीत.”

पायगुडे खाली फरशीकडे बघत म्हणाले, “कारभारीन.”

खिशातून छोटी बॅटरी काढून परचुऱ्यांनी पायगुड्यांच्या आधी डाव्या, मग उजव्या डोळ्यात उजेड टाकला.

“तीन साक्षीदार आले आणि तिघांनी एकच चुकीची साक्ष दिली, तर घोटाळा ऐकणाऱ्याच्या कानात असतो. तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. मी डॉक्टर नाही, पण काच गढूळ झालेली मला कळते. माझी असती तर खोलून पुसून दिली असती. तुमची माझ्या कपाटात बसत नाही.”

“तेवढी सहा पटीची द्या तरी. डोळ्याचं नंतर बगतो.”

“नाही.”

“गिऱ्हाईकाला न्हाई म्हनता?”

“गिऱ्हाईक तुम्ही. माल रोखला जाणार तुमच्या बायकोवर. त्यांची संमती घेऊन या.”

पायगुडे बसने परत आले. वारज्याला उतरले आणि पुढचे तीन किलोमीटर चालत गेले, रिक्षा असताना.

दसरा होऊन गेला होता. मैनाबाई ओट्यावर बसून शेंगांतली माती झटकत होत्या. अंगावर हळदी रंगाचं लुगडं. हे लुगडं त्या घटस्थापनेच्या आधीपासून शेतात नेसत होत्या. पायगुड्यांना वाटलं होतं, नवरात्राच्या नऊ रंगांतला असेल. पण नवरात्र संपलं तरी ह्यांचा रंग बदलला नव्हता.

“डोळ्याचं आपरेशन करायचंय,” पायगुडे म्हणाले.

“करा की.”

“का करायचं ते सांगायचंय.”

“मंग सांगा.”

पायगुड्यांनी सांगितलं. माळा, भुरभुर, चोवीस पट, बोट घोड्यावर. त्यांना वाटलं होतं ह्याला रात्र जाईल. मैनाबाईंच्या हातातल्या मूठभर शेंगा झटकून व्हायच्या आत सगळं सांगून झालं.

“दोन आठवडं लागलं व्हय, हे सांगायला?” मैनाबाई म्हणाल्या.

“तुला ठावं व्हतं?”

“माळ्यावर तांबडा-हिरवा दिवा लागला. म्या म्हनलं, देवी आली का काय. बगते तर नळी. सरळ माझ्याकडं.”

“आगं मंग वरडायचं न्हाईस!”

“वरडले असते तर दचकून दाबलं असतं तुमी. बेचाळीस वर्सं बगतीया, ताट पडलं तरी दचकता. म्हनून खोकले.”

पायगुडे ओट्याच्या कडेला टेकले. “येवढं व्हऊन बोलली का न्हाईस?”

“तुमी बोलताय का ते बगत व्हते.”

“आन न्हाई बोललो असतो तर?”

“तर ह्येच लुगडं नेसून ऱ्हायले असते. दुसरं काय करनार? शेंगा तर येचायलाच लागत्यात.” मग त्यांनी पाटीतल्या दोन शेंगा फोडल्या, दाणे नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “आपरेशन दिवाळीच्या आदी नगं. सुनबाईला सुट्टी मिळत न्हाई.”

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना डोळ्याला दणका नको. बंदुकीचा तर दणकाच. तेवढ्या मुदतीत डुकरांनी अनंतचा मका झोपवला आणि अनंतने वाडीभर सांगितलं की संभाजीआबांचा नेम गेला, आता पत्रिकेत नाव छापायचं का, ह्याचा विचार झाला पाहिजे. पायगुड्यांनी हे ऐकून घेतलं. उत्तर देण्यासारखं काही होतं, पण ते देताना मैनाचं नाव आलं असतं.

जानेवारीत ते परत शनिवार पेठेत गेले. ह्या वेळी सव्वासहालाच. परचुऱ्यांनी “संमती?” एवढंच विचारलं आणि पायगुड्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. मैनाबाई खाली पद्मजाबाईंबरोबर बसून लसणाच्या चटणीबद्दल बोलत होत्या.

गच्चीत सूर्य गेल्यावर पायगुड्यांनी सहा पटीच्या दुर्बिणीला डोळा लावला.

“बादली हाय. उपडी. कडी तुटल्याली. मागं मानूस. कान खाजवतोय.”

“कुठला?”

“डावा.”

“लहानपणापासून तोच खाजवतो,” परचुरे म्हणाले. भावाविषयी बावीस वर्षांत ते एवढंच बोलले असावेत.

“ती जर्मन न्हाई का द्यायची मंग? मोठी?”

“जड आहे, तुमचा हात दुखेल आणि नेम हलेल. शिवाय बेचाळीस भागिले सहा, सात. तुमची बाहुली ह्या वयात पाचाच्या पुढे उघडायची नाही. सातातलंसुद्धा दोन वाया जाणार आहे. जर्मनचंही छप्पन भागिले आठ, सातच. नुसतं वजन वाढवायचं असेल तर तसं सांगा.”

पायगुड्यांनी सहा पटीची घेतली. कॅम्पातल्या दुकानदाराने ती बंदुकीवर बसवून नेम जुळवून दिला. वनखात्याचा कागद नवा झाला. महाशिवरात्र जवळ आली होती, रताळी काढायला झाली होती, आणि ही गोष्ट डुकरांना आधीच कळली होती.

पहिल्या संध्याकाळी मैनाबाई स्वतःच माळ्यावर चढल्या.

“तू कशाला?”

“माझं काय, कुटं असले की बरं? हिथं असले की तुमच्या म्होरं तर नसनार.”

दोघं घोंगडीवर बसले. मैनाबाईंनी तंबाखूची पुडी काढली, पायगुड्यांनी डोळ्यांनी दटावलं, त्यांनी ती परत ठेवली.

दिवस बुडाला आणि एक सुळेवाला नर सऱ्यांतून सरळ चालत येऊन ओढ्याच्या बांधावर चढला. पायगुड्यांनी बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीत तो असा उभा होता की अंगावरचा वाळलेला चिखल दिसावा, फाटका कान दिसावा, जबड्यात रताळं फिरताना दिसावं. काळ्यात काळं नव्हतं. डुक्कर डुक्करच होतं. दीड वर्षात असा नेम मिळाला नव्हता. त्यांनी सेफ्टी काढली.

मग त्यांना डुकराच्या मागचं दिसलं. ओढ्यापलीकडच्या नव्या इमारतीत, डुकराच्या पाठीला लागूनच म्हणावं अशी, एक बाई गॅलरीत उभी होती. निळा गाऊन. दोरीवरचे कपडे काढून खांद्यावर टाकत होती.

“घाला की,” मैनाबाई कुजबुजल्या.

“मागं बाई हाय.”

“कुटं?”

“बिल्डिंगीत. चवथ्या मजल्यावर. कपडं काढतीया.”

“वळखीची?”

“न्हाई.”

बाई आत गेली. पायगुड्यांनी श्वास सोडला, परत धरला. तेवढ्यात शेजारच्या गॅलरीत एक म्हातारा प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आला आणि पश्चिमेकडे तोंड करून बसला. त्याच्या वरच्या मजल्यावर दिवा लागला. मग त्याच्या खालच्या. डुक्कर बांधावरून हललं नाही. त्याला तिथंच बरं वाटत होतं.

गेल्या वर्षी ह्याच माळ्यावरून, ह्याच बांधावर पायगुड्यांनी तीन गोळ्या झाडल्या होत्या. एक डुकराला लागली. उरलेल्या दोन कुठं गेल्या हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, कारण तेव्हा पलीकडे काही आहे असं दिसतच नव्हतं. इमारतीत तेव्हाही माणसं राहतच होती. कुणाला काही झालं असतं तर कळलं असतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग लगेच दुसऱ्यांदा म्हटलं.

त्यांनी सेफ्टी लावली. बोल्ट ओढून गोळी काढली.

“काय झालं?” मैनाबाईंनी विचारलं.

“माळा चुकीच्या जागी हाय. वीस वर्सं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अनंतला आणि आणखी दोघांना बोलावलं. माळा सोडून त्याच्या बल्ल्या शेताच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला, ओढ्याच्या बांधापाशी न्यायच्या, म्हणजे बंदुकीचं तोंड डोंगराकडे होईल आणि मागे फक्त दगड असतील.

“आबा,” बल्ली खांद्यावर घेऊन अनंत म्हणाला, “येवढी भारी दुर्बीण आनली आन डुक्कर रताळी खाऊन चालत गेलं म्हनं. दिसलं न्हाई का?”

“दिसलं.”

“मंग?”

“सगळंच दिसलं. फुडं बग, पाय अडकंल तुजा.”

दुपारपर्यंत माळा उभा राहिला. मैनाबाई वर चढून बसल्या, चारी बाजूंना बघितलं आणि नाक वर केलं.

“हिकडनं वारं डोंगराकडं जातंय. डुकरांना आपला वास जानार.”

“जाऊ दे.”

“मंग ती येनार न्हाईत.”

पायगुड्यांनी शेवटच्या दोरीची गाठ ओढून बघितली. पक्की होती.

“न्हाई आली तर बरंच हाय की,” ते म्हणाले, आणि रताळी काढायला कुदळ शोधू लागले.